चिंचबनातला सत्कार

रविवार, २६ जानेवारी २०२५

आज नारळ फुटला. मोडनिंबहून हायवेनं आलं की डाव्या अंगाला आमचं तीन एकर रान, त्यात अकरा चिंचा. त्यांच्याखाली टेबलं मांडली. बोर्डावर लिहिलंय: ‘चिंचबन फॅमिली गार्डन. चुलीवरचं जेवण. शनिवार-रविवार लाइव्ह संगीत.’ लाइव्ह म्हणजे जिवंत, असं अभिमन्यूनं सांगितलं. मी म्हटलं, “मग बाकीचं पाच दिस काय मेलेलं वाजवनार हायस?” हसला. पोरगं हसलं की थेट बापासारखं दिसतं.

मालक गेले त्याला चार वर्षं झाली. रोज सांजच्याला विचारायचे, “मुक्ता, आज काय झालं?” आता विचारणारं कोणी नाही, म्हणून वहीला सांगते. माझी शाळा म्हणजे आमच्या चहाच्या टपरीवरचे भज्यांचे कागद. त्यावरचं एकेक अक्षर जुळवत शिकले.

एक मात्र पहिल्याच पानावर लिहून ठेवते. टपरीच्या तीस वर्षांत मी या रस्त्यावरच्या एकाही हॉटेलात बाईमाणूस उजेडात बसून जेवताना पाहिलं नाही. पडद्यामागची फॅमिली रूम, पंखा बंद, टेबलावर मागच्याचं खरकटं, आणि बाई भिंतीकडं तोंड करून भराभरा गिळतेय. मीही तशीच गिळलेली आहे. म्हणून हा खटाटोप. बायकांनी झाडाखाली पाय सोडून बसावं, दुसरीनं थापलेली गरम भाकरी खावी, गाणं ऐकावं आणि कोणाचं भय वाटू नये. एवढंच माझं म्हणणं.

अभिमन्यू गल्ल्यावर. तालमीतलं शरीर, गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली. चुलीवर माझी सून प्रभा आणि अक्कलकोटाकडची गौरम्मा. गाणारी उत्कर्षा सोलापूरची, शाळेत संगीत शिकवते. तबल्यावर तिचा नवरा अवधूत. काडीसारखा बारीक, पण बोटं अशी चालतात जशी तापल्या तेलात मोहरी.

रविवार, २ फेब्रुवारी

नातेपुत्याकडची एक म्हातारी सुनेबरोबर आली होती. खुर्चीवर बसेचना. “हितं पुरुषमान्सं बसत्यात न्हवं?” म्हणाली. मी म्हटलं, “आक्का, तुमी बसा. पुरुषांना उबं करू.” इतकी हसली की ठसका लागला. मग उत्कर्षानं जात्यावरची ओवी धरली तर म्हातारीनं ताटाच्या काठावर बोटांनी ठेका धरला. माझं त्यानंच पोट भरलं, दुपारी जेवलेच नाही.

प्रभाच्या मनगटावर निळे वळ. म्हशीच्या दाव्यात हात अडकला म्हणे. हळद लावून दिली. ती म्हैस आहेच आडदांड, विकून टाकू म्हणते अभिमन्यूला.

रविवार, ९ फेब्रुवारी



दुपारी तिघं जण मागच्या टेबलावर बसले. आमच्याकडं दारू मिळत नाही, हे पोटात घालूनच आलेले. हायवेला लावणीच्या बारीची थेटरं आहेत, तिथं नोटा उधळायची रीत असते, त्यामुळं गाणारी बाई दिसली की यांचा हात खिशात जातो. एक जण उठून स्टेजवर चढला, उत्कर्षाच्या डोक्यावरून नोटा सोडल्या आणि तिचं मनगट धरलं.

अभिमन्यू गल्ल्यावरून तिथं कधी पोचला ते दिसलंच नाही. त्यानं त्या माणसाला कमरेत धरून उचललं आणि स्टेजवरून खाली फरशीवर आपटलं. पोतं पडावं तसा आवाज झाला. मग छातीवर गुडघा ठेवून तोंडावर ठोसे. नाक फुटलं, रक्त कानापर्यंत गेलं. माणूस हात जोडत होता तरी अभिमन्यू थांबेना. उत्कर्षा माइकमधून म्हणत होती, “दादा, पुरे. सोडा त्याला. दादा, मरेल तो.” भेदरली होती बिचारी.

शेवटी त्याच्या जोडीदारांनी त्याला फरफटत गाडीत नेलं. आणि मग टाळ्या! सगळ्या टेबलांवरून. एका बाईनं उठून अभिमन्यूला आशीर्वाद दिला. माझे डोळे भरून आले. शेताला कुंपण लागतंच.

गौरम्मानं झाडताना एक दात उचलला आणि माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, “टाक की चुलीत, दाखवतीस काय?”

मंगळवार, ११ फेब्रुवारी

त्या माणसाला दवाखान्यात ठेवलंय म्हणे, डोळ्याला लागलंय. मनाला जरा टोचलं. पडल्यावर इतकं मारायला नको होतं का? पण प्यालेल्याला एका चापटीनं समजत नाही. मालक असते तर त्यांनी काय केलं असतं? त्यांनी चहा पाजला असता. पण त्यांचा काळ वेगळा होता.

सयाजी आला होता. गावातला युवा मंच त्याचा. कोणाच्याही दारात सुख असो की दुःख, हा शाल घेऊन हजर. म्हणाला, “काकी, आयाबहिनींची अब्रू राखली तुमच्या वाघानं. त्याचा सत्कार झालाच पायजे. आन् तो हितंच, स्टेजवर.” आपल्याकडं दहावी पास झालं तरी सत्कार, निवृत्त झालं तरी सत्कार. मग हे काम काय कमी आहे? मी हो म्हटलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

सत्कार दणक्यात झाला. शाल, श्रीफळ, आणि फेटा. फेटा बांधायला सयाजीनं मलाच पुढं केलं. कुस्ती जिंकून पोरगं यायचं तेव्हा मालक बांधायचे, आज मी बांधला. औक्षण केलं. अभिमन्यूच्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघा गेल्यापासून सात वर्षांत त्याच्या डोक्याला कोणी काही बांधलं नव्हतं.

सयाजीनं उत्कर्षाला माइक दिला, “ताई, तुमी बोला दोन शब्द, तुमच्यासाटीच झालं सगळं.” ती म्हणाली, “आपण गाणं सुरू करूया का?” लाजाळू आहे. अवधूतचाही हात आज जड होता.

प्रभा औक्षणाला उशिरा आली. गाल सुजलेला. दाढ म्हणे. लवंग धर म्हटलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

सगळी टेबलं भरली, लोक चिंचेखाली उभे राहून वाट बघत होते. चार टेबलांवर विचारलं, “पहिलवान आहेत का आज?” कोणी जेवण कसं आहे ते विचारेना.

आज एका बँकेतल्या तरुणानं मोबाइल काढून स्टेजकडं धरला. अभिमन्यूनं हातातून ओढून फरशीवर आपटला आणि विचारलं, “बाईचं शूटिंग करतोस?” तो म्हणाला, “आईची एकसष्टी आहे, आईचं काढत होतो.” तोवर कानशिलात बसली होती. दुसरी बसली तेव्हा तो खुर्चीसकट मागं गेला, आणि कानातून रक्ताची बारीक रेघ आली. त्याच्या आईनं त्याच्यावर अंग टाकलं, जसं पक्षीण टाकते. नव्या पातळाला सगळं रक्त.

मी दूध-हळद घेऊन गेले. बाईनं पेला बाजूला सारला. म्हणाली, “आम्ही फॅमिली बघून आलो होतो हो.”

मी अभिमन्यूला म्हटलं, “बाळा, इचारून मारत जा.” तो म्हणाला, “आई, इचारत बसलो तर धाक ऱ्हाईल का?” तेही खरंच. पण ते पातळ डोळ्यांपुढून हलत नाही.

सयाजीनं संध्याकाळी पुन्हा एक शाल आणली होती.

रविवार, २ मार्च

गर्दी. दोन भांडणं. एकाचा खांदा निखळला. शाली सहा झाल्या, उन्हाळ्याच्या तोंडावर शालींचं काय करायचं? बायकांची टेबलं आज मोजून तीन.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. आज येईल त्या बाईला आमच्याकडून ताक आणि शेंगापोळी. सकाळपासून पोळ्या लाटून खांदे भरून आले, पण हौसेला मोल नाही.

दुपारी एक जोडपं बसलं होतं, दोन लेकरं बरोबर. लेकरानं पाणी सांडलं तशी त्या माणसानं बायकोवर डोळे वटारले आणि टेबलाखालून तिचा दंड पिळला. मी पाहिलं. अभिमन्यूनंही पाहिलं. तो चालत गेला, त्या माणसाची कॉलर धरली आणि तोंड ताटात दाबलं. गरम रस्सा होता. माणूस किंचाळला. मग बाहेर ओढून, बुंध्याला टेकवून, पोटात. एक, दोन, तीन. लेकरं रडायला लागली.

आणि त्या बाईनं काय करावं? उठली, पितळेचा तांब्या उचलला आणि अभिमन्यूच्याच डोक्यात घातला! कपाळाला खोक पडली. “माझ्या नवऱ्याला का मारतोस, मुडद्या? तू कोन लागून गेलास?” असं म्हणत दुसऱ्यांदा उगारला. अभिमन्यूनं तांब्या धरला आणि तिच्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता... पण लोक बघत होते. त्यानं तांब्या सोडला.

चांगुलपणाचे दिवसच राहिले नाहीत. मी चुलीपाशी जाऊन म्हटलं, “बगा, जिच्यासाटी केलं तीच उलटली.” गौरम्मा भाकरी थापत होती. ती म्हणाली, “अव्वा, ती शानी बाई हाय. नवरा भाईर मार खाऊन घरी जातोय. त्यो मार आता कुनाच्या अंगावर निगायचा, तिला ठावं हाय की.”

“तुजं आपलं काय तरीच,” मी म्हटलं.

प्रभा एकदम हसली. किती महिन्यांनी तिचं हसणं ऐकलं. मोठ्यानं, डोकं मागं टाकून. मग अभिमन्यू कपाळाला फडकं धरून आत आला आणि ती पीठ मळायला लागली. पीठ मघाच मळून झालं होतं.

सोमवार, १० मार्च

प्रभा अंथरुणात. विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. बरगडीत दुखतंय, श्वास घेताना डोळे मिटते. या घराला कोणाची दृष्ट लागली ते कळत नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

रविवार, १६ मार्च

कार्यक्रम संपल्यावर उत्कर्षा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “मावशी, अभिमन्यूदादांना सांगाल का? आम्ही परत निघालो की ते गाडी घेऊन मागे येतात. सोलापूरपर्यंत येतात. घराखाली थांबतात.”

मी म्हटलं, “तुमच्या काळजीनं येत असेल गं. रस्ता वाईट आहे.”

“आम्हाला नको आहे ती काळजी,” म्हणाली. हात गार होते तिचे.

पोरगं तीन तास गाडी चालवतं आणि मला म्हणत नाही, याचं मला कौतुकच वाटलं. तरी मी त्याला सांगितलं, नको जाऊस, तिला संकोच वाटतो. तो म्हणाला, “तिला न्हाई वाटत. त्यो अवधूत शिकवतो तिला.”

शनिवार, २२ मार्च

वाईट बातमी. उत्कर्षा आणि अवधूत सोडून चालले. पाडव्याला शेवटचं गाणं. कारण विचारलं तर अवधूत म्हणाला, “मावशी, तुमच्या भाकरीसारखी भाकरी नाही मिळायची, पण आता जमत नाही.” उत्कर्षानं माझे दोन्ही हात धरले. “एक वचन द्या. आम्ही जाईपर्यंत घरात कोणाला सांगू नका. दादांना तर नकोच.”

दिलं.

मंगळवार, २५ मार्च

माझ्या पोटात काही राहत नाही. मालक म्हणायचे, मुक्ताच्या पोटात तीळ भिजत नाही.

मला वाटलं, अभिमन्यू गोडीनं समजावेल, मानधन वाढवून देऊ म्हणेल, ती दोघं राहतील. राहिली तर बायका येतील पुन्हा. म्हणून जेवताना त्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “कोन म्हनालं जायचं? ती का त्यो?”

मी म्हटलं, “अवधूतच म्हणाला, जमत नाही.”

त्यानं मान हलवली. दोन भाकरी खाल्ल्या, ताट स्वतः उचललं. शहाणं झालं पोरगं.

रविवार, ३० मार्च. पाडवा

लिहिते. जसं झालं तसं लिहिते.

स्टेजशेजारी गुढी उभारली होती. ऊन चढलेलं, पण चिंचांखाली सावली. दीडशे-पावणेदोनशे माणूस असेल. उत्कर्षानं चार गाणी म्हटली. मग माइकवर म्हणाली, “हा आमचा इथला शेवटचा कार्यक्रम. चिंचबनानं आम्हाला प्रेम दिलं.” एवढंच.

अभिमन्यू स्वयंपाकघरातून निघाला. हातात बत्ता होता, शेंगांच्या चटणीचा, लोखंडी. तो स्टेजवर चढला तेव्हा लोकांना वाटलं निरोपाचा सत्कार आहे. पुढच्या दोन टेबलांनी टाळ्या वाजवल्या. मीही उठून उभी राहिले, हळदीकुंकवाचं ताट कुठं आहे ते बघायला.

तो अवधूतसमोर बसला. “तू न्हेतोस व्हय तिला?” माइक चालू होता, सगळीकडं ऐकू आलं. अवधूत म्हणाला, “दादा, गाणं संपू दे. बसून बोलू.”

अभिमन्यूनं त्याचा उजवा हात पकडला. तबल्यावर पालथा दाबून धरला. आणि बत्ता मारला.

पहिल्या घावाला तबल्याचं कातडं फुटलं. दुसऱ्या घावाला आवाज वेगळा आला. सुकी काटकी मोडावी तसा, पण तो स्पीकरमधून आला, सगळ्या झाडांखाली. तिसऱ्या घावाच्या वेळी उत्कर्षा त्याच्या दंडाला लोंबकळत होती. त्यानं कोपर मागं मारलं, ती पेटीवर तोंडावर पडली. पेटीतून एक लांब सूर निघाला आणि अवधूतचं ओरडणं त्याच्यावर. तिसरा घाव बसला. चौथा बसला. बोटं बोटांसारखी दिसत नव्हती. पांढरं दिसत होतं मधून.

कोणी उठलं नाही. एवढी माणसं, एकजण उठला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस घास हातात धरून त्याच्या बायकोला म्हणाला, “काय तरी केलं आसंल त्यानं. पहिलवान उगं मारत न्हाई.”

मी पण उठले नाही. उठलेली होते, ती खाली बसले.

गौरम्मा धावली. हातातलं कालवण तिनं अभिमन्यूच्या पाठीवर ओतलं, तेव्हा तो थांबला.

सोमवार, ३१ मार्च

पोलीस आले. उत्कर्षानं तक्रार दिली आहे. तिचं नाक मोडलंय. सयाजी काल संध्याकाळीच सगळ्यांना भेटून आला: “स्पीकरचा खोका पडला हातावर. आपन काय बगितलं? खोका पडताना बगितला.” ज्यांना तेवढंही बोलवेना, ते म्हणाले, आम्ही हात धुवायला गेलो होतो. एका वेळी पाऊणशे माणसं हात धुवायला. नळ आमच्याकडं दोन.

गौरम्मा काल स्टेजवरून उतरली ती पिशवी घेऊन परस्पर अक्कलकोटाच्या गाडीला बसली. पोलिसांनी विचारलं, अजून कोण होतं? सयाजी म्हणाला, कोणी नाही.

मग मला विचारलं. “आजी, तुम्ही समोरच होता म्हणे.”

अभिमन्यू दारात उभा होता. पाठीला मलम लावलेलं. लहानपणी कांजिण्या झाल्या तेव्हा असाच उघडा उभा राहायचा.

मी म्हटलं, “खोका पडला.”

बुधवार, २ एप्रिल

शिरा करून डबा घेतला आणि एकटीच एसटीनं सोलापूरला गेले. दवाखान्याच्या खोलीच्या दारात उत्कर्षा. दोन्ही डोळ्यांखाली काळं, नाकावर पट्टी.

“कशाला आलात?”

“बघायला आले, पोरी.”

“मी एकच गोष्ट मागितली होती तुमच्याकडे, मावशी. सांगू नका म्हटलं होतं.”

“मला वाटलं, तो गोडीनं...”

“गोडीनं?” ती हसली, नाकावर हात ठेवून. “पहिल्या दिवशी मी माइकवरून ओरडत होते, मरेल तो, सोडा त्याला. आठवतंय? आठ दिवसांनी तुम्ही त्यांना फेटा बांधलात.”

ती पुढं म्हणाली, “पोलिसांना काय सांगितलंत?”

मी डब्याकडं बघत राहिले.

आतून अवधूतचा आवाज आला, “कोण आहे? मावशी का? अगं, येऊ दे की त्यांना आत.” मला फटीतून दिसलं. उजवा हात उशीवर, कोपरापर्यंत पांढरा. डाव्या हाताची बोटं खाटेच्या दांडीवर आपली चालली होती, त्याच्या नकळत.

“दोन बोटं जुळतील म्हणतात डॉक्टर,” उत्कर्षा म्हणाली. “बाकीची नाही.” आणि दार लावलं. डबा माझ्याच हातात राहिला. येताना गाडीत एका म्हातारीला देऊन टाकला.

शनिवार, ५ एप्रिल

गार्डन उघडं होतं. एकही बाई आली नाही. सगळी टेबलं पुरुषांची, आणि त्यातले निम्मे प्यालेले. अभिमन्यू त्यांच्यात बसून हसत होता. सयाजी म्हणाला, केस मिटली की मोठा कार्यक्रम घेऊ.

मी दुपारी अभिमन्यूला गोठ्याकडं बोलावलं. म्हटलं, “बाळा, का मारलंस त्याला?”

“तूच म्हनालीस न्हवं, त्यो न्हेतोय.”

“मी तसं म्हनाले, पन मी मारायला न्हाई सांगितलं.”

“आई, गप.”

“मी खोटं बोलले पोलिसांशी. मला झोप न्हाई. मी जाऊन खरं सांगते.”

त्यानं मला मारलं. एकच. डाव्या कानाखाली. मी गव्हाणीवर पडले.

हे वाक्य लिहायला मला आज अर्धा तास लागला. पहिल्यांदा ‘पाय घसरला’ असं लिहिलं होतं, ते खोडलं.

प्रभा आली. पळत आली नाही, चालत आली, हातात ओलं फडकं घेऊन. तिनं बोटांनी जबड्याची कड चाचपली, बरोबर जिथं ठणकत होतं तिथं फडकं दाबलं. “आत्या, बोलू नका आता. आज पातळ खायचं. उजव्या कुशीवर झोपा. उद्या निळं हुईल, चार दिसांनी पिवळं. कानात आवाज येत ऱ्हाईल, भिऊ नका, जातो तो.”

मी विचारलं, “तुला गं कसं ठावं?”

ती फडकं पिळायला हौदाकडं गेली.

रविवार, ६ एप्रिल

निळं झालं.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी सातची एसटी धरली. अभिमन्यू झोपलेला होता. प्रभा सोबत येते म्हणाली, मी म्हटलं, कशाला, तुझं काय काम? ती चप्पल घालून पुढं चालायला लागली.

ठाण्यात एक बाई हवालदार होत्या. माझ्या गालाकडं बघितलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, “बाई, माझा पहिला जबाब खोटा. खोका पडला नव्हता. आता सांगते ते लिहा.” सगळं सांगितलं. बत्ता, चार घाव, माइक, उत्कर्षाचं पेटीवर पडणं. वचन मोडलं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, वचनाचं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे. त्यांनी लिहिलं.

मग वाचून दाखवलं. ‘इसम नामे अभिमन्यू महिपती याने...’ मी थांबवलं.

“त्याच्यात एक राहिलं. तो माझा मुलगा आहे, तेवढं लिहा.”

“वर नात्याच्या रकान्यात आहे की, आजी.”

“रकान्यात नको. मारलं म्हणता ना, त्याच्याजवळ लिहा. उद्या कोणी म्हणायला नको, लोकांनी बिघडवला.”

त्यांनी ओळीवर लहान अक्षरांत लिहिलं. मी सही केली. सही वाकडी आली, पण नाव पूर्ण आलं.

मी पदर सावरून उठले. वाटलं, झालं, आता जे होईल ते होईल. अंगातलं सगळं बळ त्या कागदावर सांडलं होतं. हवालदार बाईंनी प्रभाकडं बघून सहज विचारलं, “आणि तुम्ही? सोबत आलात का?”

प्रभा माझ्या रिकाम्या खुर्चीवर बसली. अंगावरचं पातळ आवरून, ताठ. एवढी ताठ बसलेली मी तिला लग्नाच्या पाटावरच पाहिली होती.

“माझं लांब हाय, बाई,” ती म्हणाली. “बारा वर्साचं. कागद जास्ती घ्या.”

मी दाराकडं वळले, बाहेर बाकावर बसावं म्हणून. तिनं न बघता माझा पदर धरला.

“जाऊ नका, आत्या. बसा. तुमी बी ऐका.”